लोक एवढे वैतागलेत, मग सरकार का बदलत नाही? आणि कधीकधी अचानक कसं बदलतं?

उत्तरवारा:
निवडणूक कुठलीही असो, महिना-दोन महिने आधीपासून एक वाक्य कानावर पडायला लागतं की यावेळी लोकांना बदल हवाय. ट्रेनमध्ये तेच, ऑफिसात तेच, टीव्हीवर तेच. निकाल लागला की निम्मे म्हणतात बघा मी म्हणतच होतो, आणि निम्मे म्हणतात हे शक्यच नाही, अख्खा देश वैतागला होता मग ही मतं आली कुठून. मला यावर जरा नीट बोलायचंय, कारण मला वाटतं आपण तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. वैताग ही एक. सरकार बदलावं असं मनापासून वाटणं ही दुसरी. आणि त्यासाठी उन्हात रांगेत उभं राहून दुसऱ्याच बटणावर बोट ठेवणं ही तिसरी. पहिलीवरून तिसरीचा अंदाज बांधायला गेलं की तोंडावर आपटायला होतं.

उदाहरण २०२४ चंच घ्या. एप्रिलमध्ये लोकनीती-सीएसडीएसचा मतदानपूर्व सर्व्हे आला होता. सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, तर २७ टक्के म्हणाले बेरोजगारी, २३ टक्के म्हणाले महागाई. नोकरी मिळणं आधीपेक्षा अवघड झालंय म्हणणारे ६२ टक्के. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल की संपलं, सरकार गेलं. पण त्याच सर्व्हेत या सरकारला आणखी एक संधी द्यावी का असंही विचारलं होतं, तिथे ४४ टक्के हो म्हणाले आणि ३९ टक्के नाही. म्हणजे नोकरीवरून, महागाईवरून चिडलेला बराच मोठा वर्ग तरीही यांनाच ठेवा म्हणत होता. यात खोटं कोणीच बोलत नव्हतं, दोन्ही उत्तरं खरी होती.

आणि मग ४ जूनला काय झालं, तर एक्झिट पोलवाले साडेतीनशे ते चारशे सांगत होते आणि भाजप २४० वर थांबला, एनडीए २९३. सरकार राहिलं पण बहुमत एकट्याचं नाही राहिलं. एका बाजूने म्हटलं जनतेने नाकारलं, दुसऱ्या बाजूने म्हटलं तिसऱ्यांदा स्वीकारलं. मला दोन्ही घाईचे निष्कर्ष वाटतात. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी गावात, वॉर्डात प्रत्यक्ष लोकांशी बोलून बघितलंय त्यांचं ऐकायला आवडेल.

गणिती_घुबड:
दादा, माझं म्हणणं थोडं टोकाचं आहे पण मांडतो. देशाचा मूड वगैरे आपण नंतर लावलेला अर्थ असतो, जागा बदलतात त्या गणिताने. तुम्हीच दिलेला आकडा पुढे नेतो. भाजपची मतं २०१९ मध्ये ३७.४ टक्के होती, २०२४ मध्ये ३६.६. टक्कासुद्धा पूर्ण घसरली नाहीत आणि जागा ३०३ वरून २४०. आता यात मूड बदलला म्हणायचं की उत्तर प्रदेश, महाराष्ट्रात समोरची मतं एकत्र आली म्हणायचं?

अजून बघा. १९८९ मध्ये काँग्रेसला ३९.५ टक्के मतं होती आणि १९७ जागा मिळून सत्ता गेली, सगळे म्हणाले देशाने राजीव गांधींना नाकारलं. २००९ मध्ये त्याच पक्षाला २८.५ टक्के मतं, २०६ जागा, आणि पेपरांत आलं की जनतेने भरभरून विश्वास दाखवला. अकरा टक्के मतं कमी आणि विश्वास जास्त? ओडिशात २०२४ ला तर कमालच झाली, बिजू जनता दलाला ४०.२२ टक्के आणि भाजपला ४०.०७. मतं कणभर जास्त कुणाची, तर हरलेल्या पक्षाची. जागा ५१ विरुद्ध ७८, आणि २४ वर्षांचं नवीन पटनाईकांचं सरकार गेलं. हिमाचलात २०२२ ला दोन्ही पक्षांत टक्क्याच्या आतला फरक होता, काँग्रेस ४० आणि भाजप २५.

ऐंशीच्या दशकात प्रणय रॉय, अशोक लाहिरी मंडळींनी विरोधकांच्या एकजुटीचा निर्देशांक म्हणून एक माप वापरात आणलं होतं. सरकारविरोधी मतं किती एकवटलीत ते मोजायचं. मला अजूनही तेच जास्त भरवशाचं वाटतं. लोकांच्या मनात काय चाललंय ते नंतर बघू, आधी समोर उमेदवार एक आहे की तीन ते बघा.

मुक्ता_उनाड:
असं कसं म्हणता, मग १९७७ काय नुसतं गणित होतं?

जुनी_वही:
मुक्ता, ७७ ला मी कॉलेजात होतो आणि पहिल्यांदा मत दिलं, म्हणून लिहितो. ते गणितही होतं आणि नुसतं गणित नव्हतंही.

गणित असं की १९७१ ला काँग्रेसला साधारण ४३-४४ टक्के मतं आणि ३५२ जागा होत्या कारण समोरचे विखुरलेले होते. १८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली आणि तुरुंगातून सुटलेल्या पुढाऱ्यांनी आठवड्याच्या आत एक पक्ष म्हणून लढायचं ठरवलं. २ फेब्रुवारीला जगजीवनराम बाहेर पडले तेव्हा खरं वारं फिरलं. त्यांची ६ तारखेला रामलीला मैदानावर सभा होती आणि लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी गाजलेला हिंदी सिनेमा लावला, तरी मैदान भरलं. हे आम्हाला इथे नंतर कळलं, कारण आणीबाणीत पेपरांमधून काहीच कळायचं नाही, बीबीसी लावायचो.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती शांतता. आज जसं लोक मोबाईल पुढे धरून बोलतात तसं कोणी बोलत नव्हतं. आमच्या वडिलांचे मित्र दर रविवारी यायचे, क्रिकेट, मुलांची लग्नं, रेशन सगळ्यावर बोलायचे, फक्त तो एक विषय आला की कोणीतरी उठून खिडकी लावायचं आणि मग विषयच बदलायचा. त्यातल्या एकानेही कुणाला मत देणार ते सांगितलं नाही. निकालानंतर कळलं की सगळ्यांनी एकच मत दिलं होतं. त्यामुळे आता कोणी म्हणालं ना की लोक काही बोलत नाहीयेत म्हणजे खूष आहेत, तर मला ते पटत नाही. आणि उलटही, फार बोलतायत म्हणजे बदलणारच असंही नाही.

दुसरी गोष्ट, देशाचा मूड म्हणून आपण जे ७७ चं सांगतो तो देशाचा नव्हताच, अर्ध्या देशाचा होता. उत्तर प्रदेशात ८५ आणि बिहारमध्ये ५४ जागा, काँग्रेसला दोन्हीकडे शून्य. रायबरेलीत स्वतः इंदिराबाई राजनारायणांकडून हरल्या, अमेठीत संजय. आणि आंध्रात? ४२ पैकी ४१ काँग्रेस! कर्नाटकात २८ पैकी २६. एकच देश, एकच आणीबाणी. फरक कशाचा, तर उत्तरेत ती लोकांच्या अंगावर आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, शिक्षकांना, तलाठ्यांना कोटे ठरवून दिले होते, आणि सक्तीचा सगळ्यात जास्त जोर उत्तरेत होता. आपला महाराष्ट्र मधोमध, काँग्रेस २० आणि जनता पक्ष १९, बाकी शेकाप वगैरे. आपल्याकडे तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही झालं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो.

तेव्हा लोकशाही धोक्यात वगैरे जे आम्ही कॉलेजातली मुलं बोलायचो ते शहरातलं होतं. खेड्यात मत फिरलं ते घरात शिरलेल्या सरकारमुळे.

उत्तरवारा:
काका, फार मोलाचं लिहिलंत. आणि याला जोडून १९८० सांगायलाच हवं. ज्यांना ७७ ला २९५ जागा देऊन बसवलं त्यांचं आपसात जुळलं नाही, चरणसिंगांनी तर पंतप्रधान म्हणून लोकसभेला सामोरं न जाताच राजीनामा दिला, आणि जानेवारी ८० मध्ये त्याच इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परत. तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. ७७ ला लोकांना आणीबाणी नको होती हे शंभर टक्के खरं, पण त्यांना जनता पक्ष हवा होता असं म्हणायला जागा नाही. माझा मुद्दा इथेच आहे. हे नको, एवढं लोक फार स्पष्ट सांगतात. ते हवं, हे फार क्वचित सांगतात. आणि आपण निवडून आलेले, लिहिणारे, बोलणारे सगळे पहिल्याला दुसरं समजतो.

सर्व्हेवाली:
मी काही वर्षं सर्व्हेसाठी फील्डवर काम केलंय, संस्थेचं नाव नको. काही गोष्टी सांगते ज्या आकड्यांत दिसत नाहीत.

मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढून देतात, त्या नावाचाच माणूस शोधायचा, मधलं कोणी बोलकं भेटलं म्हणून चालत नाही. मराठवाड्यात, खानदेशात गेलं की यादीतली कितीतरी माणसं ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईला गेलेली असतात. म्हणजे ज्यांचं पोट गावात भरत नाही, ज्यांना सगळ्यात जास्त वैताग असेल असं आपण धरतो, तेच आपल्या नमुन्यात कमी येतात. मतदानालाही तेच कमी येतात, हेही तितकंच खरं.

दुसरं, बायकांची मुलाखत. नवरा किंवा सासरा शेजारी येऊन बसतोच. एका गावात एक मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या, मी प्रश्न विचारतेय आणि प्रत्येक उत्तराआधी त्या दाराकडे बघतायत, तिथे मुलगा उभा. पाच-सहा प्रश्नांना माहीत नाही, ह्यांना विचारा. मुलाला कोणीतरी हाक मारली, तो गेला, आणि मावशींनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि आपणहून सुरुवात केली की गॅस परवडत नाही म्हणून पावसाळ्यातसुद्धा चुलीवर करते, पोराला डिप्लोमा करूनही काम नाही, पोरीचं कॉलेज लांब म्हणून बंद केलं. मी म्हटलं मग यावेळी मत कुणाला? तर म्हणाल्या गेल्या वेळी दिलं त्यालाच. का? तर म्हणाल्या, रस्ता याच्यामुळे झाला, बाकीचं काय याच्या हातात असतंय होय.

हे मी कितीतरी घरांत ऐकलंय. वैताग खरा असतो पण तो कुणाच्या खात्यावर लिहायचा हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. रेशन मिळालं नाही तर दुकानदार चोर. घरकुलाचा हप्ता अडकला तर ग्रामसेवक. नोकरी नाही तर पोराचं नशीब, नाहीतर वशिला नाही. आणि पैसे खात्यात आले तर ते वरच्या नेत्याने पाठवले. चांगलं वरून येतं आणि वाईट खालच्यामुळे होतं असा हिशोब बऱ्याच डोक्यांत पक्का असतो. जोपर्यंत हा हिशोब बदलत नाही तोपर्यंत वैतागाचा आकडा कितीही वाढला तरी वरचं सरकार हलत नाही.

गणिती_घुबड:
ताई, हे मात्र मान्य. आणि याचा पुरावा आकड्यांतही आहे. राजस्थानात २०१८ च्या विधानसभेला एक घोषणाच होती, मोदी तुझसे बैर नहीं, वसुंधरा तेरी खैर नहीं. लोकांनी शब्दशः तसंच केलं. डिसेंबर २०१८ मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड तिन्हीकडे काँग्रेसचं सरकार आलं, आणि पाच महिन्यांनी लोकसभेला त्याच तीन राज्यांत ६५ पैकी ३ जागा. राजस्थानात २५ पैकी शून्य. मतदार तोच, फक्त विचारलेला प्रश्न वेगळा.

२००४ ला वाजपेयी सरकारचं नेमकं उलटं झालं. डिसेंबर २००३ मध्ये हीच तीन राज्यं जिंकली आणि त्यांना वाटलं देश खूष आहे, म्हणून लोकसभा सहा महिने आधी विसर्जित केली. इंडिया शायनिंगच्या जाहिराती सगळीकडे. बहुतेक एक्झिट पोल एनडीएला पुढे दाखवत होते आणि भाजप १३८, काँग्रेस १४५. आंध्रात चंद्राबाबूंची तर दुहेरी वाट लागली, विधानसभाही गेली.

पारावरचा:
मतदान वाढलं की सरकार जातं असं आमच्याकडे सगळे म्हणतात, त्यात तथ्य आहे का कुणी सांगेल?

गणिती_घुबड:
नाही. २०१४ ला ६६.४ टक्के, सरकार बदललं. २०१९ ला ६७.४, म्हणजे अजून वाढलं, तेच सरकार आणखी जागा घेऊन आलं. २००४ ला ५८ टक्के, बदललं. २००९ ला जवळपास तेवढंच, नाही बदललं. काढा आता नियम.

बांधावरून:
आम्ही कांदा करतो, निफाड तालुक्यात. २०२४ मध्ये आमच्याकडे दोनदा मतदान झालं आणि सहा महिन्यांत दोन टोकांचे निकाल लागले, त्यावर पुण्या-मुंबईचे लोक फार काही बोलून गेले की शेतकरी विकला गेला वगैरे. तेव्हापासून मनात आहे ते लिहितो.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली. लेट खरिपाचा माल नुकताच बाजारात यायला लागला होता. लासलगाव, पिंपळगाव सगळीकडे भाव धाडकन पडले, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रास्ता रोको झाले. आधी म्हणाले ३१ मार्चपर्यंत, मग पुढे वाढवली. उन्हाळ कांदा काढणीला आला तरी बंदच. ४ मेला उठवली पण ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य लावून, आणि आमचं मतदान २० मेला. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री उभ्या होत्या, भारती पवार, त्या पडल्या, आणि निवडून कोण आलं तर भास्कर भगरे सर, शिक्षक माणूस. आणि तेही तिसऱ्या एका उमेदवाराला नाव आणि चिन्हाच्या साधर्म्यामुळे लाखावर मतं गेलेली असताना. एवढा राग होता. आमच्या वस्तीवर तर जे वर्षानुवर्षं कमळ सोडून दुसरं बटण बघत नव्हते त्यांनी सांगून दुसरीकडे दिलं.

आता विधानसभा. नाशिक जिल्ह्यात १५ जागा, त्यातल्या १४ महायुतीच्या, फक्त मालेगाव मध्य वेगळी. झालं काय मधे? एक तर १३ सप्टेंबरला किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० केलं, आणि कांद्याला भाव होता. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ झालं. आणि लाडकी बहीण. दीड हजार रुपये ऐकायला काही वाटत नाहीत, पण दिवाळीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन हप्ते एकदम आले, म्हणजे जुलैपासूनचे साडेसात हजार बाईच्या स्वतःच्या खात्यात. आमच्या घरात आईने तिच्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता स्वतःच्या नावावरचे पैसे बँकेतून काढले. तिला कोणी सांगून बघावं की हे निवडणुकीसाठी आहे. तिला माहीत होतं की निवडणुकीसाठी आहे. ती म्हणाली, मग आजपर्यंतच्या निवडणुकांना का नाही दिले?

याला विकलं जाणं म्हणत नाहीत. लोकसभेला आमची तक्रार होती, ती सांगितली, त्यांनी ऐकली, निदान निवडणुकीपुरती ऐकली. मग दुसऱ्यांदा कशासाठी पाडायचं? लोकसभेला लोकांना मोदी सरकार बदलायचं होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना धडा शिकवायचा होता. दोन्हीत फरक आहे, आणि विरोधकांनी तो फरक ओळखलाच नाही. ३० खासदार आले म्हणून ते सहा महिने मुख्यमंत्री कोण यावर भांडत बसले. कांद्यावर, सोयाबीनच्या भावावर आमच्या तालुक्यात येऊन नीट बोललेलं मी तरी पाहिलं नाही.

उत्तरवारा:
दादा, याहून चांगलं कोणी सांगू शकत नाही. राज्यात एकूण लोकसभेला ४८ पैकी ३० महाविकास आघाडी आणि १७ महायुती, आणि नोव्हेंबरात २८८ पैकी २३० च्या वर महायुती, एकटा भाजप १३२. लोकसभेचा निकाल बदलाचा कौल म्हणून वाचला तर विधानसभेचा निकाल कळतच नाही. तक्रार म्हणून वाचला की दोन्ही कळतात.

मुक्ता_उनाड:
मला तुमचं सगळ्यांचं पटतंय आणि तरी मला राग येतोय, तो लिहिते. मी स्पर्धा परीक्षा देते. पेपर फुटतात, निकाल लांबतात, निकाल लागला तर नियुक्ती लांबते, आणि दरम्यान वय वाढत जातं ते कोणी धरून ठेवत नाही. २०२४ ला मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा घोळ झाला तेव्हा लाखो मुलं होती त्यात. आता बांधावरून दादांच्या कांद्यावरचं शुल्क एका अधिसूचनेने कमी होतं, दीड हजार रुपये खात्यात टाकता येतात. माझ्या वाया गेलेल्या वर्षांवर असा काय हप्ता काढणार? आमची तक्रार कोणी ऐकली तरी ती पाच महिन्यांत मिटणारी नाही. मग आमच्यासारख्यांच्या रागाचं काय होतं? श्रीलंकेत २०२२ ला, बांगलादेशात २०२४ ला, नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ ला पोरांनी रस्त्यावर येऊन सरकार घालवलं, तिथे कोणी मतांचं गणित मांडत बसलं नाही. मी हिंसेचं समर्थन करत नाहीये. पण आपल्याकडे सगळं मतपेटीत जिरतं आणि त्यातून काही निघत नाही असं झालं तर किती दिवस जिरेल?

उत्तरवारा:
मुक्ता, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. श्रीलंकेचं पुढचं मात्र बघ. जुलै २०२२ मध्ये गोटाबाया देश सोडून पळाले, पण त्यांच्या जागी आलं कोण? जुन्याच वर्तुळातले रनिल विक्रमसिंघे, संसदेने निवडलेले, आणि ते दोन वर्षं होते. खरा बदल सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानाने झाला. अनुरा कुमार दिसानायके २०१९ ला अध्यक्षपदासाठी उभे होते तेव्हा त्यांना ३ टक्के मतं होती, २०२४ ला पहिल्याच मोजणीत ४२ टक्के, आणि नंतर संसदेत त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा. रस्त्याने जुना माणूस घालवला, पण नवा बसवायला दोन वर्षं आणि मतपेटीच लागली. आणि तो बसला कारण देशाची सत्ता आधी कधी त्याच्या हातात नव्हती, आणि दोन वर्षं गावोगाव संघटना बांधत राहिला.

आपल्याकडेही हे झालंय. आसामात १९७९ ते ८५ विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं, करार झाला, पक्ष निघाला आणि डिसेंबर ८५ मध्ये तीच पोरं सरकारात. दिल्लीत २०११ चं आंदोलन, २०१२ ला पक्ष, २०१५ ला ७० पैकी ६७. आणि त्याच दिल्लीने २०२५ ला त्यांना २२ वर आणलं. म्हणजे दार उघडतं, पण आत गेलेल्याला लोक मोजत राहतात.

जुनी_वही:
मुक्ता बाळा, एक विचारू? तुम्ही मुलं तक्रार करता ती नेमकी कुणाकडे करता? म्हणजे आमदाराकडे, लोकसेवा आयोगाकडे, कोर्टात?

मुक्ता_उनाड:
काका, सगळीकडे. निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसला गेलो, तिथे म्हणाले विषय मंत्रालयाचा. मंत्रालयात म्हणाले आयोग स्वायत्त आहे. आयोगाकडे म्हणाले शासनाकडून मागणीपत्रच आलेलं नाही. आमदार साहेबांनी फोटो काढला आणि विधानसभेत प्रश्न मांडतो म्हणाले. प्रत्येक जण आमच्याशी नीटच बोलला, चहासुद्धा दिला, पण जबाबदारी माझी असं एकही माणूस म्हणाला नाही. सर्व्हेवाली ताई म्हणतात ना की वैताग कुणाच्या खात्यावर लिहायचा, तर मला खरंच कळत नाही कुणाच्या खात्यावर लिहू. म्हणून माझ्या बरोबरचे बरेच जण मतदानालाच जात नाहीत.

सर्व्हेवाली:
मुक्ता, तू जे लिहिलंस तेच मी वर सांगायचा प्रयत्न करत होते पण तू जास्त स्पष्ट लिहिलंस. आणि यात अजून एक गोष्ट आहे जिच्यावर कोणी बोलत नाही. लोकांच्या रोजच्या तक्रारीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टी झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका यांच्या असतात. पाणी, गटार, शाळा, दवाखाना, गावचा रस्ता. आणि महाराष्ट्रात यातल्या बहुतेक ठिकाणी २०२२ पासून निवडणुकाच नव्हत्या, प्रशासक बसवले होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं, आणि तरी त्याही पुढे गेल्या. म्हणजे तीन-साडेतीन वर्षं ज्या माणसाच्या दारात पाणी येत नव्हतं त्याला पाडायला नगरसेवकच नव्हता. त्या काळात मी ज्या घरांत गेले तिथे नळाच्या पाण्याचा राग लोक लोकसभेच्या प्रश्नावलीत सांगायचे, आणि माझ्या टॅबमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता, मी इतर मध्ये टाकायचे.

बांधावरून:
ताई, अगदी. आमच्या गटात झेडपी सदस्य नाही म्हणून वस्तीच्या रस्त्याचं काम कुणाला सांगायचं हाच प्रश्न होता. बीडीओकडे गेलं की मीटिंगमध्ये. आधी सदस्य निदान लग्नाला, दहाव्याला यायचा, तिथे धरता यायचा.

गणिती_घुबड:
हे माझ्या हिशोबात नव्हतं. मग पुढचं बघण्यासारखं आहे की ज्या भागात स्थानिक निवडणुका जास्त काळ रखडल्या तिथे विधानसभा-लोकसभेला उमेदवार बदलायची ओढ जास्त होती का. तालुकावार काढता येईल, फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. कुणाला सोबत बसून करायचं असेल तर कळवा, मी नाशिक आणि जालन्यापासून सुरुवात करतोय.

मुक्ता_उनाड:
मी येते. एक्सेल येतं मला, आणि सध्या भरतीच्या जाहिरातीची वाटच बघतेय.